पिशोरची माती आणि फिल्टरचं पाणी

कडूबा मोकासे चितेगावच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी शहरातल्या ‘सातारा परिसर’ नावाच्या वस्तीतल्या आपल्या घराच्या फाटकावर पाटी लावली: ‘कडूबा मोकासे यांची बाग’. बाग म्हणजे गच्चीवरच्या चौदा कुंड्या आणि एक कढीपत्ता. पाटी वाचणाऱ्याला मात्र वाटावं, आत हत्तीवरूनच फिरावं लागत असेल.

कुंड्यांतली माती अस्सल होती. पिशोरच्या वडिलोपार्जित रानातली काळीभोर माती कडूबांनी खताच्या गोण्यांत भरून एसटीनं आणली होती. कंडक्टरनं हटकलं तर म्हणाले, "माती नाय, आमची इस्टेट हाय ती." या मातीत दगड पेरला तरी त्याला पालवी फुटेल, असं ते शेजारच्या आप्पासाहेबांना रोज ऐकवत.

मग मुलगी तनुजा उटीहून ल्युपिन नावाच्या फुलझाडाचं बी घेऊन आली. पाकिटावर जांभळ्या-गुलाबी फुलांचे हातभर तुरे.

"बाबा, हे थंड मुलखातलं आहे. आपल्याकडं हिवाळ्यात येईल, पण जरा नाजूक..."

"अगं, आणलंस ना? मग आता बघ."

पहिल्या हिवाळ्यात कडूबांनी रोपं ट्रेमध्ये वाढवून कुंडीत लावली. सरळ खोल जाणारं मूळ दुखावलं आणि सगळ्या रोपांनी माना टाकल्या. दुसऱ्या हिवाळ्यात बी थेट काळ्या मातीत टोचलं, वर शेणखताचा मारा केला. रोपं हळद लागलेल्या नवरदेवासारखी पिवळी पडली. आप्पासाहेब भिंतीवरून डोकावले, "मोकासे, लग्नाची तारीख कोणती?"

कडूबांना ते चांगलंच झोंबलं. तिसऱ्या दिवाळीला दुधाच्या रांगेत त्यांनी जाहीर केलं, "यंदा फूल नाय आलं, तर पाटी उतरवतो!" अर्ध्या कॉलनीनं ऐकलं. आता माघार नव्हती.

त्याच दिवशी तनुजाचा फोन आला. "बाबा, मातीत चुना असेल, तो ल्युपिनला सोसत नाही. व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं तर नक्कीच आहे."

"माझ्या बापाच्या मातीत चुना?" कडूबा गरजले. तोवर त्यांच्या पत्नी केसरबाईंनी नातवंडांच्या मंचुरियनसाठी आणलेली व्हिनेगरची बाटली कुंडीत उपडी केली होती. माती सोड्यासारखी फसफसली. कुणीतरी वडिलांचं प्रगतिपुस्तक काढून चारचौघांत वाचावं, तसे कडूबा कुंडीसमोर बसून राहिले.

"कपाशी येती ना तिच्यात? मका येतो ना?" केसरबाई म्हणाल्या. "मग एक पाव्हणा नाय रमला तर मातीची काय अब्रू गेली? आन् बोअरच्या पाण्यानं माझा तांब्या पांढरा होतो, तेच पाणी देताय व्हय त्याला?"

मग तेलाचे पत्र्याचे उंच डबे आले, मुळाला खोल उतरता यावं म्हणून. त्यांत वाळू आणि कुजलेला पालापाचोळा भरला. शेणखताला बंदी. रात्रभर भिजवलेलं बी जागेवरच टोचलं. सकाळी फिल्टरच्या पाण्याचा पहिला तांब्या डब्यांना, उरलं तर चहाला. कडूबा बिनचहाचे गच्चीवर उकिडवे बसून पानं मोजत. यंदा पानं हिरवी राहिली.

जानेवारी सरता सरता पहिला तुरा खालून वर उमलत गेला. मग दुसरा, मग एकदम सात. आप्पासाहेब अख्खी गल्ली घेऊन जिना चढले. बघतच राहिले.

"मानलं मोकासे! शेवटी पिशोरच्या मातीचा गुण!"

नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं, तर पाटी, माती आणि वडील, तिघांचीही शान राहिली असती. कडूबांनी घसा खाकरला.

"नाय आप्पासाहेब. आमच्या मातीला हे नाय जमलं. हे आम्ही दोघांनी केलं." आणि त्यांनी केसरबाईंकडं बोट दाखवलं. केसरबाईंनी पदर सावरला आणि मान अशी ताठ केली, की आठवा तुराच वाटावा.

संध्याकाळी कडूबा स्टुलावर चढून पाटी काढायला लागले. आप्पासाहेब धावत आले. "अहो, फूल आलंय की! पाटी कशाला उतरवता?"

"नाव घालायचं राह्यलंय," कडूबा म्हणाले आणि रंगाचा डबा उघडून ‘कडूबा’च्या आधी ‘केसरबाई व’ लिहायला बसले.

केसरबाई दारातून बघत होत्या. "जरा मोठ्ठं काढा," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरून दिसलं पायजे."