सुजातानं ठरवलेली तारीख

सुजाता गेली, हे तिच्या भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी पुण्यात घराच्या गच्चीवर उभा होतो. दुपार होती. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ वाळत घातलेले कपडे हलताना बघत राहिलो... खालच्या रस्त्याचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

परभणीच्या कॉलेजात आम्ही एकत्र शिकलो. पुढं मी पुण्याला नोकरीला आलो, ती परभणीतच शिकवायला लागली. पण दोघांनी मिळून केलेलं एक छोटं सॉफ्टवेअर आम्हाला बांधून राहिलं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आज सगळीकडे वाचता येईल अशा अक्षरांत ते बदलून द्यायचं. फुकट होतं, वाचनालयं, छापखाने वापरायचे. ज्या संगणकीय भाषेत ते लिहिलं होतं, तिच्या नव्या आवृत्त्या येत राहतात आणि जुनीला तिचे कर्तेसुद्धा कधीतरी सोडून देतात. आम्ही मात्र आमचं सॉफ्टवेअर नव्या-जुन्या दोन्ही आवृत्त्यांवर चालतं ठेवत होतो. प्रत्येक दुरुस्ती दोनदा लिहायची, दोनदा तपासायची. "जुनी सोडू या आता," मी म्हणायचो. "कोण वापरायलंय ते कळल्याबिगर न्हाई," ती म्हणायची आणि जुन्या आवृत्तीचं सगळं काम स्वतःच्या अंगावर घ्यायची.

तिचं आजारपण कळलं त्या हिवाळ्यात तिचाच फोन आला. "सोडू या. तारीख ठरवू." मला वाटलं, दमली असेल. मग ती म्हणाली, "जुनं मी हौसेनं केलं. माझ्यामागं ते तुझ्या गळ्यात नको... पण आधी जिंतूरला जाऊन येऊ."

जिंतूरला रशीदचाचांचा छापखाना. जुन्या आवृत्तीतल्या अडचणी विचारणारे तेवढेच उरले होते. मी परभणीला गेलो आणि तिथून आम्ही एसटीनं निघालो. खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस मागं मागं सरकत होता, वाटेतलं बोरी गाव कधी गेलं कळलंही नाही. सुजाता काचेला डोकं टेकून स्वतःशीच हसत होती. कशाला, ते मी विचारलं नाही.

चाचांचा संगणक नवी आवृत्ती पेलणारा नव्हता. सुजातानं त्यांना समजावलं, "चाचा, हाय ते चालूच राहील. उन्हाळा सरला की नवी दुरुस्ती तेवढी मिळणार न्हाई."

चाचांनी चहा पुढं केला. "एवढं सांगायला आलीस, बेटा? आमचे छपाईचे शिशाचे खिळे बंद झाले तवा कुणी पुसायलाबी आलं नव्हतं." मग तिच्याकडं नीट बघून म्हणाले, "मशीनचं बघू आमी. तू तब्येत सांभाळ."

परतीच्या वाटेवर ती गाढ झोपली. उन्हाळा सरेपर्यंत मात्र ती राहिली नाही.

ठरलेला दिवस आला तसा मी परभणीला गेलो. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेलं काढून टाकायचं काम तिच्याच टेबलाशी बसून करावं, असं वाटलं. लिहिलेला कुठलाही भाग काढून टाकण्याआधी सुजाता तो मोठ्यानं वाचायची. कुणीतरी कष्टानं लिहिलंय, म्हणायची. मीही वाचायला लागलो... वाऱ्यानं पडदा आत-बाहेर होत होता, आणि तिच्या ओळी माझ्या आवाजात फार अनोळखी वाटत होत्या.

तिची आई दारात येऊन उभी राहिली. "काय वाचायलास, बाबा?"

"सुजातानं लिहिलेलं, मावशी. आता काढायचंय."

त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. पदर सावरला.

"मग सावकाश वाच," म्हणाल्या.