दोरीकडची जागा

मला पटाशी हवी होती आणि मास्तरांनी मला दोरी दिली, एवढंच आमचं भांडण. माणूस म्हणून मास्तर वाईट नव्हते. मीच तापट. ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे मला टरकून असत आणि मला त्याचा अभिमान होता. आई म्हणायची, तुझ्या जिभेला हाड नाही, एक दिवस पस्तावशील. आई जाऊन बरीच वर्षं झाल्यावर तो दिवस आला.

घर भोरात, नोकरी वेल्ह्याला, आणि मी एकटी. रिटायर व्हायला थोडी वर्षं उरली तेव्हा वाटायला लागलं की कागद काळे करण्यापलीकडे हाताला काही यायला हवं. कुणीतरी सांगितलं, हिर्डोशीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक म्हातारे कातारी आहेत, लाकूड फिरवून कातीव कामं करतात. लाटणी, ताकाच्या रव्या, पाळण्याचे दांडे. पूर्वी एका शाळेच्या वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अजून शिकवतात, पण टिकत कुणी नाही. मी म्हटलं, मी टिकते की नाही ते बघूच.

पत्र्याची शेड होती. जमिनीत दोन खुंट रोवलेले, दोन्हींना एकेक लोखंडी टोक, त्या टोकांच्या मध्ये लाकूड अडकवायचं. लाकडाला दोरीचे वेढे घालायचे. एका बाजूला बसलेल्या माणसाने दोरीची दोन टोकं दोन हातांत घेऊन आळीपाळीने ओढायची, ताक घुसळतात तशी. लाकूड एकदा पुढे फिरतं, एकदा मागे. समोर बसलेला कातारी पटाशीची धार टेकवतो ती लाकूड त्याच्याकडे फिरताना, उलटं फिरलं की उचलतो. कोपऱ्यात एक मोटारीचं यंत्रही पडलेलं होतं, त्यावर पोत्याचं पांघरूण. मी विचारलं तर मास्तर म्हणाले, "मोटार ऐकत न्हाई. तिला म्हना बरं, जरा हळू. ऐकती व्हय?"

दोरीकडे मामी बसायच्या, म्हणजे मास्तरांची बायको. त्या वरच्या वाडीतल्या, गुरंढोरं राखणाऱ्या घरच्या. लहानपणापासून रवीची दोरी ओढून हात तयार झालेला. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात मास्तरांनी त्यांना इथे बसवलं, ते पन्नास वर्षं. पटाशी गाठीजवळ आली की मामींचा हात आपोआप हळू व्हायचा, मास्तरांनी तोंड उघडायच्या आधी. खरं तर मास्तर कामात बोलतच नसत. कधी दोरी ढिली पडलीच तर एकच शब्द, वर न बघता: "वढ की!"

पहिल्या रविवारी मास्तरांनी मला मामींच्या शेजारी बसवलं. "आदी दोरी," म्हणाले. मला वाटलं, महिनाभर असेल. मामींनी माझे हात आपल्या हातांत घेऊन दाखवलं. "ताकद लावू नका बाई. हा हात वढतो तवा त्यो हात सोडतो. दोगांनी बी वढलं तर भांडान." मी हसले. माझे तळवे सोलून निघाले, घरी जाऊन मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसायचे, आणि पुढच्या रविवारी परत सकाळची एसटी. ती चुकली तर दुपारपर्यंत दुसरी नाही, म्हणून मी अर्धा तास आधीच स्टँडवर जाऊन बसायची. एवढी हौस.

वर्ष गेलं. मी दोरीच ओढत होते. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. "बगू," म्हणाले. मग भोरातले एक गृहस्थ यायला लागले, लष्करातून रिटायर झालेले, मिशांना पीळ देणारे. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी त्यांच्या हातात पटाशी दिली. आणि त्यांच्यासाठी दोरी ओढायला कोण? मी! त्या माणसाने शिवणीच्या लाकडाचे चार चांगले तुकडे वाया घालवले आणि वर मला सांगतो, "मॅडम, जरा रिदम ठेवा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामी चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून पदराआड हसल्या. नंतर मी मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, "गडीमानूस हाय. त्येला दोरीला कसा बसवू?" इतकं सरळ. त्यात काही चुकीचं आहे हे त्यांच्या गावीच नव्हतं.

तेव्हाच सोडायला हवं होतं. पण मीही हट्टी. उलट मी मास्तरांना मोठं काम मिळवून दिलं, म्हणजे तरी माझी किंमत कळेल. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी एक पुणेकर फार्महाऊस बांधत होता, ओळखीतून ओळख निघाली. त्याला कठड्यासाठी चाळीस कातीव खांब हवे होते, सागवानी, हातावरचेच. "मोटारीचे नकोत, हँडमेड पाहिजेत," असं बजावून गेला. मास्तर खुलले. सागाचा कमरेएवढ्या उंचीचा खांब फिरवायचा म्हणजे लाटण्याचं काम नव्हे, हे मला ओढताना कळलं. मामी दोन खांब झाले की भिंतीला टेकून डोळे मिटायच्या.

एक दिवस त्यांचे ओठ निळसर दिसले. मी बाजाराचं निमित्त काढलं आणि त्यांना भोरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची कागदाची पट्टी काढली, दोनदा बघितली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, ओढण्या-उचलण्याचं काम आजपासून बंद, नाहीतर काही खरं नाही. मी मामींना जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही.

परतीच्या एसटीत त्या खिडकीला टेकून बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, ह्यांस्नी सांगू नगा. माज्या गळ्याची आन हाय."

"मामी, वेड लागलंय का तुम्हाला?"

"दुसऱ्या कुनाच्या दोरीवर ह्यांचा हात चालत न्हाई. म्या उठले तर हे बी बसत्याल खाली. येवढं काम हुंद्या." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुमचा हात माज्यावानी पडाय लागलाय. तुमी वढा. म्या चहा करते."

असा आमचा करार झाला. मी साठवलेली रजा काढली, रोज जायला लागले. मामींनी गुडघेदुखीचं सोंग केलं. मास्तर आधी कुरकुरले, मग गप्प झाले, कारण खांब नीट उतरत होते. सव्वीस खांब झाले, त्यातले बहुतेक माझ्या दोरीवर. मामी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायच्या आणि माझा हात चुकला की नुसतं "अंहं" करायच्या. त्या दिवसांत मी सुखी होते, हे मला आता सांगायला लाज वाटते.

सव्विसावा खांब झाला तो शनिवार होता. फार्महाऊसवाला बघायला आला होता, मिशावालेही बसलेले. मी म्हटलं, "मास्तर, उरलेल्यातला एक खांब मी कातते. फक्त एक." मास्तर खुशीत होते. हसून म्हणाले, "बाईमान्साच्या हाती पटाशी दिली तर लाकूड हसंल की वो!" ते दोघेही हसले. मिशावाला तर मांडीवर थाप मारून.

मी दोरी फेकली. उभी राहिले आणि ओरडले, "रोज उठून इथे दोरी ओढायला मी काय तुमची बायको आहे?"

मामी उंबऱ्यातच होत्या, मांडीवर सूप. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. आपल्याला कुणी पहिल्यांदाच नीट नाव घेऊन हाक मारावी तसं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्या खाली बघून तांदूळ निवडायला लागल्या. मी पिशवी उचलली आणि एसटी यायला दीड तास असताना रस्त्यावर जाऊन उभी राहिले. मागून कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. रविवार होता. मी विसरले होते, असं खोटं सांगणार नाही. डॉक्टर आठवत होते, निळसर ओठ आठवत होते, गळ्याची आण आठवत होती. सकाळी एसटीची वेळ झाली तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते. वाटलं, बसू दे म्हाताऱ्याला एक दिवस हात चोळत. एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे? उद्या जाईन, मग येईल वठणीवर. मी डोक्यावरून न्हाले, पोहे केले, पेपर वाचला. पोहे दोनदा घेतले.

साडेतीनला मास्तरांचा फोन आला. त्यांच्या घरात रेंज नसते, मोबाईल लावायला वळणापर्यंत चालत जावं लागतं. धाप लागलेली होती. "बाई, मामी गेली," एवढंच म्हणाले. मग फोन कट न करता तसेच उभे राहिले असावेत, कारण मला एका टेम्पोचा आवाज आला, नंतर बराच वेळ नुसता वारा.

काय झालं ते लोकांकडून कळलं. सकाळी मी आले नाही म्हणून मास्तर उठून मोटारीवरचं पोतं काढायला लागले होते. मामींनी त्यांचा हात धरला, म्हणाल्या, गुडघा बरा हाय, बसा. तीन खांब झाले. चौथ्याला त्या आडव्या झाल्या. शेजाऱ्यांनी टेम्पोत घातलं, पण भोर यायच्या आधीच संपलं होतं. मी पोचले तेव्हा बायका आंघोळ घालत होत्या. त्यांचे तळवे मी बघितले. मिठाच्या पाण्याने ते कधीच मऊ झाले नसते.

राहिलेले अकरा खांब फार्महाऊसवाल्याने मशीनवर करून घेतले. सांगितल्याशिवाय कुठले कुठले ते ओळखू येत नाही.

तेरावं झाल्यावर मी मास्तरांकडे गेले. शेडमध्ये होते. त्या दिवशीचा चौथा खांब अजून टोकांच्या मध्ये अडकवलेला, अर्धा गोल, अर्धा चौकोनी. दोरीचे वेढे तसेच. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, कागदाची पट्टी, एसटीतली आण, आणि रविवारी सकाळी मी घड्याळाकडे बघत बसले होते तेही. म्हटलं, आता मला काय बोलायचं ते बोला. हाकलून द्या. मला खरंच हवं होतं त्यांनी हाकलावं.

त्यांनी एकच विचारलं. "तिला म्हाईत व्हतं?"

"हो."

"आन् तरी बसली."

मी दोरीच्या वेढ्यांकडे बघत होते. ते म्हणाले, "दोरी ढिली पडली. म्या वर बगितलं न्हाई. म्या म्हनलं, वढ की." थांबले. "दोनदा म्हनलं."

मग ते उठले. गुडघ्यांवर हात टेकत पलीकडे गेले आणि मामींच्या जागेवर बसले. पटाशी माझ्याकडे सरकवली. "घ्या."

"मास्तर, नको."

"घ्या म्हन्तो न्हवं."

मी पटाशी घेतली. ज्याच्यासाठी वर्षभर एसटी धरली, तांडव केलं, ते माझ्या हातात होतं. मास्तरांनी दोरीची टोकं धरली. दोन्ही हातांनी एकदमच ओढली, लाकूड हललंसुद्धा नाही. पन्नास वर्षं समोर बसून त्यांना ओढायची कशी तेही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, एक हात सोडा. त्यांनी सोडला. खांब कण्हत फिरला, परत फिरला. सात-आठ वेळा झालं असेल, तेवढ्यात त्यांचा श्वास चढला. दोरी त्यांच्या हातातून सैल पडली. ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

"लई जड हाय," म्हणाले. "येवढं जड व्हतं व्हय हे?"

मी मान हलवली.

त्यांनी पुन्हा टोकं धरली. "आता म्या थांबलो तर म्हना मला."

"काय म्हणू?"

"वढ की म्हना."

दोन-तीनदा ओढून ते थांबले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. माझ्याकडे न बघता, दोरीकडे बघत वाट बघत राहिले. अख्ख्या कचेरीला गप्प करणारी मी. पटाशीची मूठ दोन्ही हातांनी धरून बसले.

"म्हना की, बाई," मास्तर म्हणाले.