सरांच्या गाडीचं चार्जिंग

शाळा मी आठवीत सोडली. त्याला बरीच वर्षं झाली, पण कुणी शिक्षक समोर आले की अजून माझे हात आपोआप पाठीमागे जातात. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावातून निघालो तो नांदेडला, उस्तादांच्या गॅरेजात. तिथं सात वर्षं वायरिंग शिकलो आणि मग लातुरात स्वतःचं दुकान टाकलं. नकाशात हे अंतर फार नाही. पण आमच्या आईला विचारा, तिच्या हिशेबानं लातूर म्हणजे दुसरा मुलूखच.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल. एक निवृत्त मुख्याध्यापक आपली जुनी पांढरी अँबेसिडर घेऊन दुकानासमोर थांबले. शेजारी मुलगा, मागच्या सीटवर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन काकू. गाडीची मला भीती नव्हती. सरांची होती.

"बॅटरी उतरते," सर म्हणाले.

"उतरत नाही, मरते," मुलगा म्हणाला. "मागच्या वर्षी मुरुडजवळ, त्याच्या आधी औशाच्या रोडवर. दोन्ही टायमाला गाडी ओढून आणायला दोर घेऊन मी गेलो."

रविवारी नांदेडला सरांच्या पुतणीच्या मुलीचं लग्न होतं. सर म्हणत होते, ह्याच गाडीनं जायचं. बापलेकात ठरलं होतं की गाडी धड पोचली तर घरात राहील. वाटेत थांबली तर तिथूनच भंगारात.

"शब्द दिलाय मी," सर म्हणाले. "बघ बाबा आता."

हे काम मला येतं. आताची पोरं मला विचारतात, म्हणून इथं लिहूनच ठेवतो. आजच्या गाड्यांत आल्टरनेटर असतो. ह्या जुन्या गाडीत डायनामो होता. डायनामो करंट तयार करतो, आणि बॉनेटखाली इंजिनामागच्या पत्र्यावर एक काळी डबी असते, रेग्युलेटर, ती तो करंट किती द्यायचा, कधी द्यायचा ते ठरवते. बिघाड दोघांपैकी कुणाचा, हे आधी बघायचं. काही जण चालू गाडीच्या बॅटरीची वायर काढून बघतात, गाडी बंद पडली तर चार्जिंग नाही म्हणतात. ते करू नका. आल्टरनेटर असला तर जागीच जाईल, आणि डायनामोच्या गाडीलाही ते बरं नाही.

पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला, ताण बरोबर होता. बॅटरीचे टर्मिनल साफ, अर्थिंगची वायर घट्ट. मग डायनामोच्या दोन्ही वायरी सोडल्या, त्याची मोठी आणि छोटी टोकं एका तारेनं जोडली, मीटरचं एक टोक तिथं आणि दुसरं इंजिनाला लावलं. सरांना म्हटलं, चालू करून थोडी रेस द्या. मीटर चढत गेला. बारा, पंधरा, अठरा.

"डायनामो ठणठणीत आहे, सर. विहिरीला पाणी आहे. पाटात येईना झालंय."

मुलगा म्हणाला, "तीन जणांनी बॅटरी बदलली. पाटाचं कुणी बोललं नाही."

मी विचारलं, "हे कधी कधी होतंय?"

"दिवाळीच्या पुढं-मागं," सर म्हणाले. "थंडी पडली की. मग बॅटरी बदलताना कुणीतरी त्या डबीतही काहीतरी घासतो, आणि वर्षभर बरं चालतं."

थंडीनं बॅटरी जड होते हे खरं. पण लातूरची ती कसली थंडी! वायरी होत्या तशा जोडल्या, गाडी बंद केली, बॅटरीची तार काढली आणि डबीचं झाकण उचललं. आत लाल दिसलं. गंज असेल म्हणून बोटानं पुसलं, तर बोट रंगलं. गंज असा रंगत नाही. दोन्ही कॉइलवर ठसठशीत कुंकू होतं, त्याच्या शेजारी हळद, तेलात मिसळून सुकलेली. पॉइंटवर, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या बारक्या टिकल्यांवर, त्याचाच थर. आणि ज्या दोन पॉइंटमधून करंट बॅटरीकडं जातो, त्यांच्या मधोमध एक लाल तांदूळ. अक्षतेचा दाणा.

कळलं मला लगेच. खंडेनवमीला मीही पूजा करतो. पाने-पक्कड, टेस्ट लॅम्प, मीटर, सगळं पाटावर मांडून. त्या दिवशी कुठल्या हत्याराला हात लावत नाही. फक्त मी मीटर उघडून आत कुंकू लावत नाही.

आता सांगायचं कसं? ज्या माणसानं अख्खं गाव शिकवलं, त्याला आठवीत शाळा सोडलेल्या माणसानं सांगायचं, की तुमच्या भक्तीनं गाडी बंद पडती? 'कचरा होता, काढला' म्हणून मोकळं होता आलं असतं. गाडी रविवारी नांदेडला गेलीही असती. पण पुढच्या दसऱ्याला परत तेच झालं असतं. उस्ताद म्हणायचे, "बेटा, काम झाकून ठेवलं तर ते परत तुझ्याच दारात येतं." त्या माणसाचे उपकार मी कुठं फेडू! त्यांचा आवाज आठवला म्हणून तोंड उघडलं.

"सर, दसऱ्याला गाडीची पूजा तुम्ही करता?"

"मीच. दुसरं कोण करणार?"

"झाकण काढून?"

"मग? झाकणावरून पूजा म्हणजे देवळाच्या दारातून परत येणं. करंट आत आहे, तर हळदकुंकू आत नको?"

मी दाणा तळहातावर घेऊन पुढं केला. मुलगा वाकून बघायला लागला, आणि असा हसला की समोरचा पानवालाही उठून आला. काकू मागून म्हणाल्या, "मी दरवर्षी म्हणून राहिले. ह्यांना सगळं उघडूनच बघायचं असतंय!"

सर हसले नाहीत. दाणा उचलून चष्म्याजवळ धरला.

"म्हणजे चूक माझी."

"चूक असं नाही, सर, म्हणजे..."

"अरे, चूक म्हण. मी जन्मभर पोरांच्या चुका काढल्या. तुला माझी एक काढता येईना?"

"चूक आहे, सर," मी म्हटलं.

"हां. आता दुरुस्त कर."

बारीक पॉलिश पेपरनं पॉइंट घासले, स्पिरिटनं पुसले, कॉइल कोरड्या केल्या, झाकण बसवलं आणि तार जोडली. गाडी चालू केली, जरा रेस दिली. येताना बॅटरीवर जेमतेम बारा व्होल्ट होते, ते आता चौदाच्या वर गेले. चार्जिंग नसलं की लागतो तो डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला. मुलगा म्हणाला, "दुकानात काय, सगळंच चालतं." मग सर मला म्हणाले, "रविवारी तू चल. लग्नाचं जेवण जेव, तिथून गावाकडं जाऊन ये."

मी पुढं बसलो, सर गाडी चालवत, मुलगा मागं काकूंजवळ, पायाशी तोच दोर. अहमदपूर सोडल्यावर मी भर उन्हात दोन्ही हेडलाइट लावायला सांगितले, डायनामोवर ओझं पडावं म्हणून. दिवा विझलेलाच. लोह्यात आठवडी बाजाराच्या गर्दीत गाडी थबकली, आणि तो लाल दिवा मिणमिणला.

"लागला! लागला बघा!" मुलगा सीटवरून पुढं आला.

कारण मला माहीत होतं. "रेस कमी झाली म्हणून लागलाय. डायनामोच्या गाडीत असंच असतंय. सर, जरा दाबा."

सरांनी दाबलं. दिवा गेला.

नांदेडात मंगल कार्यालयासमोर पोचलो, तेव्हा सनईची रेकॉर्ड वाजत होती. पोचलो म्हणजे संपलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, बंद करा. आणि परत चालू करा."

सरांनी चावी फिरवली, इंजिन शांत झालं. क्षणभर थांबले. मग परत फिरवली. पहिल्याच झटक्याला गाडी धडधडली. काकू साडी सावरत खाली उतरल्या आणि मागं न बघता मांडवाकडं गेल्या.

मुलगा खाली उतरला. मग खिडकीशी वाकून म्हणाला, "बाबा, गाडी द्या माझ्याकडं. उन्हात नको, लिंबाखाली लावतो."

"हळू घे," सर उतरता उतरता म्हणाले. "क्लच जड आहे तिचा."