सहाला सुरू होणारा दिवस

"बंद करून दाखव."

ऑफिसात नवीन काहीही आलं की ताईचं पहिलं वाक्य हेच. पंखा असो, प्रिंटर असो, विकायला आलेला माणूस तो चालवून दाखवायला उतावीळ झालेला असायचा, आणि ही बाई चष्मा कपाळावर चढवून त्याला म्हणायची, "चालते ते दिसूनच राहिलं. बंद करून दाखव." वेळेवर बंद होत नाही ती वस्तू तिच्या मते वस्तू नव्हतीच, संकट होतं. मी नोकरीला लागलो त्या दिवशी माझ्याकडेही तिने याच नजरेने पाहिलं. हा कुठून बंद होतो, ते तिला बरेच दिवस सापडलं नाही.

भिलाईत राहिला असाल तर आमच्यासारख्या कंपन्या तुम्हीही पाहिल्या असतील. स्टील प्लांटच्या आधाराने जगणाऱ्या, मागे पत्र्याचं शेड, पुढे दोन खोल्यांचं ऑफिस. आम्ही प्लांटमधल्या पाइपलाइनी दुरुस्त करतो. कोणत्या शिफ्टला कोणती गँग कुठल्या लाइनवर जाणार, हे सगळं ताई ठरवायची. मी कॉम्प्युटर आणि पत्रव्यवहार सांभाळायचो. तिचे वडील भंडाऱ्याकडून येऊन प्लांटमध्ये लागले, ती मरोद्यात, प्लांटच्या क्वार्टरात वाढली आणि पुढे स्मृतिनगरात माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायला आली. फोन उचलला की "जय भीम, बोला." ठेवताना मात्र काहीच नाही. काम संपलं की फोन बंद.

आमचा मेल सांभाळायचं काम एका एजंटाकडे होतं. एका सकाळी मेल उघडेना. एजंटाचा फोन लागेना. सिविक सेंटरमधल्या त्याच्या दुकानावर गेलो तर शटर खाली, आणि शेजारचा चहावाला म्हणाला, "वो तो गया." त्याच्याबरोबर आमचे कित्येक वर्षांचे मेलही गेले. प्लांटने पाठवलेला गॅस लाइनच्या शटडाऊनचा कार्यक्रम त्यातच होता. शटडाऊन म्हणजे प्लांट एखादी लाइन ठरलेल्या वेळेपुरती बंद करतो, आणि तेवढ्यात आमच्या माणसांनी ती खोलून, दुरुस्त करून परत जोडायची असते. वेळ चुकली की काम गेलं, आणि प्लांटचं काम गेलं की आमच्या शेडला कुलूप.

आमचे शेठ हिंदीभाषक, एरवी तोंडाळ. त्या दिवशी ते फक्त एवढंच म्हणाले, "शटडाऊन के पहले अपना खुद का कुछ खड़ा करो." आणि आत गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी ओपन सोर्सचं नाव काढलं. म्हणजे ज्याची आतली सगळी मांडणी उघडी असते, कुणीही पाहावी, बदलावी, आपल्या मशीनवर बसवावी असं सॉफ्टवेअर. मेल आणि कॅलेंडर दोन्ही त्यात मिळतं.

"फुकट आहे म्हनून सांगून राहिला का?" ताईने विचारलं.

"फुकट म्हनून नाही ताई. उद्या सोडाचं ठरवलं तं कोनाच्या पाया पडा लागत नाही म्हनून."

तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. तिच्याकडे पास झाल्याची हीच खूण होती.

मी तीन सॉफ्टवेअर उमेदवार म्हणून उभी केली आणि पस्तावलो. मुलीसाठी स्थळं पाहतानाही कुणी इतकं छळलं नसेल. पहिलं मोठं दिमाखदार होतं. त्यात मेल, कॅलेंडर, गप्पा, मीटिंग, सगळंच होतं. आमचं म्हातारं मशीन त्याला उचलताना धापा टाकायला लागलं. ताईने ते सगळं नीट पाहिलं आणि म्हणाली, "आता सामान बाहेर काढ." म्हणजे आत टाकलेले मेल आणि तारखा साध्या फायलींमध्ये बाहेर काढून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून दाखवायचे. मेल निघाले, कॅलेंडर अर्धवट निघालं.

"पोरीले माहेरी धाडते, पन दागिने ठेवून घेते," ताई म्हणाली. पहिलं स्थळ संपलं.

दुसरं हलकंफुलकं होतं, पण एका फोनवर बदललेली वेळ दुसऱ्या फोनवर पोचायला कधीकधी दुपारची संध्याकाळ व्हायची. "तोपर्यंत मिस्त्री लाइनवर चढला असन," ती म्हणाली. दुसरंही गेलं. मिस्त्री म्हणजे आमच्या गॅस गँगचा म्होरक्या. मरोद्याचाच, ताईच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला.

शटडाऊन जवळ येत होता. प्लांटकडून कार्यक्रम पुन्हा मागवताना आमची अब्रू जायची ती गेलीच होती. तिसऱ्यावर माझी सगळी भिस्त होती. त्याचं रूप बेताचं होतं, पण मेल आणि कॅलेंडर एकाच घरात नांदत होते, आणि सामान विनातक्रार बाहेर येत होतं. मी मेल पाठवत असताना ताई उठली, टेबलाखाली वाकली आणि तिने सरळ प्लग उपटला. तिने पुन्हा प्लग लावला, आम्ही वाट पाहिली, आणि अडकलेला मेल आपणहून निघून गेला.

"आता हे बिघडलं तं कोनाले विचाराचं?"

मी तिला त्या सॉफ्टवेअरचं चर्चापीठ दाखवलं, जिथे वापरणारेच एकमेकांच्या अडचणी सोडवतात. तिने मला तिथे एक खराखुरा प्रश्न टाकायला लावला आणि उत्तर येईपर्यंत माझ्या खुर्चीमागून हलली नाही. कुठल्यातरी दूरदेशीच्या माणसाने नीट, सविस्तर उत्तर लिहिलं. "याले काय भेटते?" तिने विचारलं. काही नाही, म्हटलं. तिने मला ते उत्तर पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "लाव हेच."

सुरुवातीला आमचे मेल प्लांटच्या लोकांकडे कचऱ्याच्या पेटीत पडायचे. ताई एकेकाला फोन करून शांतपणे सांगायची, "साहेब, जरा कचऱ्यात पाहा. तिथं आम्ही आहोत." पंधरा-वीस दिवसांत मी ते दुरुस्त केलं. गँगच्या सगळ्यांच्या फोनवर कॅलेंडर आलं. त्याआधी ताई प्रत्येक कामाच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्रीला फोन करून तोंडी वेळ सांगायची. आता फोन आपणच वाजून सांगायला लागला, तसे तिचे ते फोन हळूहळू थांबले. कुणी ठरवून थांबवले नाहीत.

शटडाऊनच्या मंगळवारी उजाडायच्या आत माझा फोन वाजला. ताई होती. जय भीम नाही, बोला नाही.

"मंगळवारच्या नाइटचे पाच म्हनजे बुधवारची पहाट ना गा?"

"हो."

"मी आजची टाकली. आताच फोन वाजला माह्या. मिस्त्री आत गेला असन."

हे समजायला प्लांटचा दिवस समजून घ्यावा लागतो. तो सकाळी सहाला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला संपतो. मध्यरात्री तारीख बदलते, हे प्लांटला मान्य नाही. मंगळवारी रात्री कामावर गेलेल्या माणसाचा मंगळवार बुधवारी उजाडेपर्यंत चालतो. प्लांटच्या कार्यक्रमात लिहिलं होतं, मंगळवार, नाइट, पाच वाजता. ताईने कॅलेंडरात मंगळवार काढला आणि पहाटेचे पाच टाकले. तिच्या जन्मापासून तिचा मंगळवार तोच होता. सॉफ्टवेअरचा मंगळवार मात्र मध्यरात्रीच सुरू झाला होता. लाइन बंद व्हायला अजून एक अख्खा दिवस होता, आणि आमची माणसं तिच्याकडे निघाली होती.

मी गाडी काढली. ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती, पायात दोन वेगळ्या चपला. बसता बसता म्हणाली, "कॅलेंडर सुधारलं मी. पन त्याइचे फोन लॉकरमध्ये." गॅसच्या भागात फोन नेता येत नाही, बाहेर ठेवून जावं लागतं. तिने केलेली दुरुस्ती त्या बंद पेटीतल्या फोनांमध्ये जाऊन पडली असणार.

तुम्ही म्हणाल, परमिट असतं ना. असतं. शिफ्टच्या साहेबाच्या सहीशिवाय लाइन खोलता येत नाही. पण वर चढून बोल्टांना तेल देणं, एकाआड एक बोल्ट थोडा ढिला करून ठेवणं, ही कामं सगळेच मिस्त्री सहीची वाट पाहता पाहता उरकतात. सांगत कुणी नाही, करतात सगळे. आणि त्या विषारी गॅसला वास नसतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं, एवढंच. ताई माझ्या मागे बसली होती. माझ्या खांद्यावर तिची बोटं इतकी रुतली होती की गाडी खड्ड्यात गेली तेव्हा मला खड्डा जाणवलाच नाही.

गेटवर मी पहाऱ्याच्या जवानाशी वाद घालायला लागलो. पास, नाव, काम, पंखा-प्रिंटर विकायला आलेल्या माणसासारखं सगळं एका दमात सांगायला लागलो. ताईने मला बाजूला केलं.

"गॅस लाइन पे आदमी हैं. लाइन चालू है. अंदर फोन लगाइए."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन उचलला. आतल्या कंट्रोल रूममध्ये कुणीतरी तो घेतला. पाहतो, म्हणाला. मग फोन ठेवला गेला, आणि आम्हाला करण्यासारखं काहीच उरलं नाही.

सकाळच्या शिफ्टची पहिली माणसं सायकली घेऊन आत जायला लागली. जवानाने ताईला खुर्ची दिली, ती बसली नाही. गेटच्या दांड्याला धरून ती आतल्या रस्त्याकडे पाहत उभी होती. मी पाणी आणलं, तिने ते हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो. ती म्हणाली, "बोलू नोको."

मग ते दिसले. रस्त्याच्या वळणावरून, चालत, सगळे. मिस्त्री पुढे होता. ताई दांड्याखालून वाकून आत गेली, जवानानेही तिला अडवलं नाही. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून ती त्याचं नाव घेत गेली, शेवटच्यापर्यंत. तेव्हा कुठे तिच्या हातातला ग्लास खाली पडला.

"दोन बोल्ट ढिले झाले होते," मिस्त्री मला हळूच म्हणाला. "तिसऱ्याले पाना लावला, तं खालून मानूस वरडत आला." थोडं थांबून म्हणाला, "मले बी वाटलं होतं, हे उद्याचं असन. मंग म्हनलं, ताईनं टाकलं ना, म्हनजे आजचंच असन."

तो हळू बोलला होता, पण ताईने ऐकलं. तो तिच्यावर विश्वास ठेवून वर चढला होता. यापेक्षा त्याने तिला शिव्या दिल्या असत्या तर तिने आनंदाने खाल्ल्या असत्या.

शेठ घाबरले होते, त्यामुळे ऑफिसात आले तेच ओरडत. "ये सिस्टम हटाओ. सॉफ्टवेअर की गड़बड़ है." खरं सांगतो, तिने नुसती मान हलवली असती तर विषय तिथेच मिटला असता. सॉफ्टवेअर काही उलटून बोलणार नव्हतं, आणि मीही बोललो नसतो.

"सॉफ्टवेअर ठीक है, सेठजी. गलती मैंने की," ताई म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा म्हणाली.

बुधवारच्या पहाटे लाइन खरोखर बंद झाली, आणि आमच्याच गँगने ती दुरुस्त केली. त्यानंतर ताईने मला चर्चापीठावर आणखी एक प्रश्न टाकायला लावला. दिवस सहाला सुरू करता येतो का? त्या दूरच्या माणसाने उलट विचारलं, तुमचा दिवस सहाला का सुरू होतो?

"सांग त्याले, आमची भट्टी रात्री झोपत नाही," ताई म्हणाली.

मी तसंच लिहिलं. त्याने काही ओळी लिहून पाठवल्या. त्या बसवल्यावर सकाळी सहाच्या आधीची कुठलीही वेळ टाकली की पडद्यावर एक खिडकी उघडते आणि विचारते, कोणत्या दिवसाची नाइट? उत्तर दिल्याशिवाय ती पुढे जाऊच देत नाही. सॉफ्टवेअर उघडं असण्याचा अर्थ मी लोकांना इतके दिवस सांगत होतो, मला तो त्या दिवशी कळला.

ताईला तेवढं पुरलं नाही. तेव्हापासून गॅस लाइनचं काम असलं की संपायच्या वेळी ती गेटवर जाऊन उभी राहायची. पहाट असो, भर दुपार असो. माणसं बाहेर आली की खांद्यावर हात, नाव, आणि मग "जा घरी." गँगमधली पोरं थोडे दिवस हसली. "ताई, आप टेन्शन बहुत लेती हो," असं एकाने म्हणूनही पाहिलं. तिने त्याच्याही खांद्यावर हात ठेवला आणि त्याचं नाव घेतलं. पुढे कुणी हसेनासं झालं. मी तिला एकदा म्हटलं, "आता तं खिडकी विचारते ना ताई." ती म्हणाली, "खिडकी वेळ विचारते. मानसं कोन विचारते?"

गेल्या थंडीत ती आजारी पडली आणि फार दिवस राहिली नाही. मिस्त्रीने खांदा दिला, मीही दिला.

तिच्यानंतरचं गॅस लाइनचं पहिलं काम आलं तेव्हा वेळ मीच टाकली, खिडकीला उत्तर मीच दिलं. काम संपायच्या सुमारास ऑफिसात बसवेना. गेटवर जाऊन उभा राहिलो. गँग बाहेर आली. मिस्त्रीने मला पाहिलं.

"तू कावून आला?"

"असाच."

तो पुढे गेला नाही. त्याच्या मागचे सगळेही थांबले. कुणी सायकलीकडे वळलं नाही. मिस्त्रीने हेल्मेट काढलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ठेव ना गा हात. पोरं घरी जाऊन नाही राहिले."

मी हात ठेवला आणि त्याचं नाव घेतलं. नावं मला सगळी पाठ होती, प्रत्येकाचा मेलचा पत्ता मीच बनवला होता. दुसरं नाव अर्ध्यावरच राहिलं. तिसऱ्याने माझा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला आणि स्वतःचं नाव स्वतःच सांगितलं.