जावयाचा कांदा

व्याजदर पार तळाला गेले होते, त्या वर्षी मला भलतीच अक्कल सुचली. आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटचं कर्ज सात टक्क्यांच्या आत आलं होतं. शहाण्या माणसाने देवापुढे नारळ फोडला असता आणि गप्प बसला असता. पण बँकेतून एका मुलीचा फोन आला. "सर, त्याच घरावर तुम्हाला आणखी चार लाख मिळतायत, जवळपास तेवढ्याच व्याजाने." सर! सातपूरच्या कंपनीत वीस वर्षं झाली, मला सगळे अर्ध्या नावाने हाक मारतात. मी तिथेच विरघळलो.

आता नाशिकच्या माणसाच्या हाती चार पैसे आले की त्याला दोनच गोष्टी सुचतात, प्लॉट आणि कांदा. चार लाखांत प्लॉट येत नाही. म्हणून कांदा. मे महिन्यात उन्हाळ कांदा स्वस्त असतो तेव्हा घ्यायचा, चाळीत भरून ठेवायचा आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला भाव चढला की विकायचा. सहा महिन्यांचं व्याज जेमतेम चौदा हजार. मी एक्सेलमध्ये तीन रकाने केले. भाव पडला तर, तसाच राहिला तर, आणि चढला तर. तिसऱ्या रकान्याला हिरवा रंग दिला आणि लॅपटॉप बायकोसमोर ठेवला.

माझी बायको नामपूरची. कांद्याच्या घरात वाढलेली. तिने सगळं शांतपणे पाहिलं आणि एकच विचारलं, "आणि सडला तर?"

"त्याचे पाच टक्के धरलेत ना."

"पाच?" ती इतकी हसली की तिला पदर डोळ्याला लावावा लागला. मग हसणं थांबवून म्हणाली, "अहो, घर गहाण टाकून कांदा? हे घर निम्मं माझ्या नावावर आहे. बुडालं तर तुम्ही तुमच्या निम्म्यात राहा, माझ्या निम्म्यात पाय ठेवायचा नाही."

"गहाण ते आधीपासूनच आहे," मी म्हटलं. हे वाक्य मला तेव्हा फार मुद्देसूद वाटलं होतं. दोन दिवस भांडण चाललं. कॅलक्युलेटेड रिस्क, कॅलक्युलेटेड रिस्क असं मी इतक्या वेळा म्हटलं की ती वैतागली आणि शेवटी 'घ्या एकदाची' म्हणून तिने सही केली. सही करताना मात्र तिचा चेहरा उतरला होता. तो मला दिसला आणि मी दुसरीकडे बघितलं.

आखाजीला आम्ही नामपूरला गेलो. आमच्या त्या भागात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि लेकीबाळी झाडून माहेरी येतात. लेकीबरोबर जावई येतो आणि जावई आला की सासुरवाडीची तारांबळ उडते. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तसा बोलका, गावात कुणाचं ऐकून न घेणारा. पण माझ्यापुढे त्याची मान खाली. मी एकदा चुकून म्हटलं होतं की मांडे पातळ हवेत, तर त्याने दुसऱ्या गावाहून मांडे करणारी बाई आणली होती. हा मान मला आवडायचा. खोटं कशाला बोलू?

कांदा घ्यायला तो मला शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांकडे घेऊन गेला. पहिल्याकडचा कांदा मध्यम होता, बारीक मानेचा. दुसऱ्याकडचा मोठा, चकचकीत, नुसता बघत राहावा असा, आणि वर क्विंटलमागे शंभर रुपये कमी! मी इंजिनियर माणूस. मोठा माल कमी भावात मिळत असताना लहान माल जास्त भावात घेणारा माणूस मला वेडा वाटतो.

"हाच घेऊ," मी म्हटलं.

मेहुण्याने एक कांदा उचलला, त्याची जाड मान अंगठ्याने दाबली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कांद्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणता तसं, दाजी."

आता मला कळतं की गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, मोठा आणि जाड मानेचा कांदा टिकत नाही. पण जावयाला हे सांगणार कोण? माणसाला विहिरीत पडताना अडवतील, जावयाला दोर आणून देतील.

कांदा त्याच्या चाळीत भरला. कांद्याची चाळ म्हणजे लाकडी पट्ट्यांची लांबट खोली, आतून वारा खेळता राहावा म्हणून. अर्धी चाळ माझी, अर्धी त्याची, मध्ये फळ्या. मी फोटो काढले. नाशिकला परतल्यावर रोज सकाळी दात घासता घासता फोन करायला लागलो, पोरगं होस्टेलला ठेवल्यासारखा.

"कसा आहे कांदा?"

"बेस शे, दाजी."

पाऊस पडला की मी दोनदा फोन करायचो. "वास वगैरे?" "काहीच नही, दाजी." ऑगस्टमध्ये कंपनीतल्या एकाचा कांदा सडून चाळीतून पाणी वाहायला लागलं. त्याने डोक्याला हात लावला आणि मी कॅन्टीनमध्ये त्याला वीस मिनिटं मालाच्या निवडीवर व्याख्यान दिलं. त्याने मला चहाचे पैसे द्यायला लावले, एवढीच काय ती शिक्षा.

घरी बायको मात्र झोपेतून उठून विचारायची, "खरंच चांगला आहे ना हो?" बँकेचा कुठलाही मेसेज आला की आधी ती वाचायची. मी तिला हिरवा रकाना दाखवायचो. तिला त्याने काडीचाही धीर येत नव्हता.

दसऱ्यानंतर भाव चढला. मेहुण्याने कांदा विकला, पैसे माझ्या खात्यात आले. बँकेची मुद्दल आणि व्याज फेडून वर लाखभर उरणार होते. घट इतकी कमी की माझे पाच टक्केसुद्धा जास्त ठरले. मी त्या दिवशी बायकोसमोर जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. लाज वाटते. थोडक्यात, तिच्या माहेरच्या सात पिढ्यांना कांदा कळला नव्हता आणि तो मला एका एक्सेलमध्ये कळला होता.

मग आम्ही पेढे आणि मेहुण्याला घड्याळ घेऊन नामपूरला गेलो. जेवणं झाली. पाटावरून उठता उठता मी जाहीर केलं, "पुढच्या वर्षी आठ लाख! बँक द्यायला तयार आहे. तीच चाळ, तोच माल."

मेहुणा घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा आवाज आला, "दाजी, पुढल्या सालले बदलाले आमनाकडे एवढा कांदा नही शे बरं!"

"तू गप ऱ्हाय!" मेहुणा ओरडला.

पण आता काय! माझ्या बायकोने ताट खाली ठेवलं. "बदलायला म्हणजे?"

भावजय पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिने सगळं सांगून टाकलं. जुलैपासूनच माझा कांदा सडायला लागला होता. आठवड्याला हा भला माणूस मधली फळी काढायचा, माझा सडका कांदा निवडून शेतात नेऊन टाकायचा आणि तेवढाच स्वतःचा चांगला कांदा माझ्या बाजूला ओतायचा. एक नाही, दोन नाही, तीन ट्रॉल्या कांदा. आणि रोज सकाळी मी दात घासत विचारायचो, कसा आहे?

माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. बायको भावावर तुटून पडली. "मला का नाही सांगितलंस? मी काय मेले होते?"

"तुले सांगं अस्तं ते तू त्यासले बोलली असती," तो खाली मान घालून म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बहीणनं घर शे ते. कांदा सडना ते सडना, घर कसं सडू देऊ?"

बायको रडायला लागली. मी पैशांचं बोललो तर मेहुणा पायात काटा मोडावा तसा कळवळला. बहिणीच्या घरचे पैसे घ्यायचे? शिव शिव! आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा विचार करून पितात. विषयच संपला.

दुसऱ्या दिवशी नाशिकला आल्याबरोबर बायकोने मला बँकेत नेलं आणि चारही लाख भरून ते घरावरचं जादा कर्ज, टॉप-अप, बंद केलं. वरचे पैसे तिने तिथेच बसून पाठवले, भावाला नाही, भावजयीच्या खात्यात. "भाऊ घेणार नाही," ती म्हणाली, "तिच्यावर कसली बंदी आहे?"

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. आवाज चढलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्यावर चिडला होता. "दाजी, हे काय केलं? मी आत्ता परत पाठवतो."

"खबरदार," मी म्हटलं. "जावयाचा शब्द आहे. मोडून दाखवा."

बिचाऱ्याला मोडता येईना आणि मानताही येईना. मग त्याला हसू फुटलं, मोठमोठ्याने, खोकला येईपर्यंत. मलाही हसायचं होतं, पण ते जमेना. मी फोन बायकोच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.