नंदूभाऊंकडचं देवाचं तूप

नंदूभाऊ आज सकाळी गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

ज्यांचं माहेर कामठीचं, त्यांना नंदूभाऊंचं तुपाचं दुकान माहीत आहे.
नंदूभाऊंचे आजोबा खेड्याखेड्यांतून सायकलवर लोणी आणायचे, दुकानामागे कढवायचे. मग वडील. मग नंदूभाऊ.
भट्टी पेटली की वास आमच्या शाळेपर्यंत यायचा.

लग्न होऊन मी नागपुरात आले, तरी दिव्याचं तूप तिथलंच. शेअर ऑटोत डबा मांडीवर धरून आणायचे.

घरात मी तेलसुद्धा मोजून वापरते. पण देवापुढे काटकसर नाही.
ह्यांनी वरणावर चमचाभर मागितलं, तरी नाही. "ते देवाचं आहे."
देवाची वस्तू आपण आधी चाखत नाही. आमच्या घरात ते तूप कोणी कधीच चाखलं नाही.

नंदूभाऊंना हे माहीत होतं. मीच कौतुकाने सांगितलं होतं.

मागच्या नवरात्राआधी मी फोन न करता दुकानात गेले. गल्लीतल्या बायांनीही अखंड ज्योतीसाठी माझ्याजवळ डबे दिले होते. माझ्या शब्दावर.

नंदूभाऊ आत, पत्र्याच्या मोठ्या टिनातून पितळी गंजात तूप ओतत होते.
टिनावर ठळक हिंदीत छापलं होतं: सिर्फ दीपक के लिए. खाने योग्य नहीं.

"भाऊ, हे काय करून राहिले?"

"गावचं लोणी येनं कवाचंच बंद झालं, ताई."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर तुम्ही आल्या असत्या काय?"
मग हळूच म्हणाले, "खानाऱ्याले कधी नाही देल्लं हे. आईशप्पत. फक्त दिव्यावाल्यांले."

म्हणजे जो चाखणार नाही, त्यालाच.

मी रिकामे डबे घेऊन परत आले. ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसले.
"बरं झालं वं, मले वरणावर नाही वाढलं!"

गल्लीत घरोघरी जाऊन मीच सांगितलं. शेजारची म्हणाली, "काकू, तुम्हीच तं म्हणत होत्या, डोळे मिटून घ्या म्हणून."
ते अजून गेलं नाही मनातून.

नंतर नंदूभाऊंचा निरोप आला होता, ताईंना एकदा येऊन जा म्हणा. मी गेले नाही.

भाऊ, सगळे लिहितात तसं दोन शब्दांत श्रद्धांजली लिहायला बसले होते. खोटं लिहवत नाही.
ज्याच्यापुढे मी ते तूप जाळलं, त्याच्यासमोर आता तुम्ही उभे असाल.

त्याला तरी खरं सांगा.

रामराम.