टायपिंग नाही

माझ्या कामाला मराठीत काय म्हणायचं, असं ऑफिसनं मला विचारलं तेव्हा ते काम करून मला बरीच वर्षं झाली होती. मूल शाळेत जायला लागलं आणि मग कुणाला बारशाची आठवण झाली, असला तो प्रकार.

ऑफिस रामदासपेठेत होतं. विदर्भातल्या धान्याच्या गोदामांत किती पोती आली, किती गेली, किती उरली, याचा हिशेब आमच्याकडे होत असे. मी लागले टायपिस्ट म्हणून. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आला, सगळ्यांची एक परीक्षा झाली, तीत मी निवडले गेले आणि शिकून परत आले. तेव्हापासून मशीननं काय करायचं आणि कुठल्या क्रमानं करायचं, हे मी पेन्सिलीनं चौकटींच्या कागदावर लिहीत असे. तो कागद पंचिंगच्या मुलींकडे जाई. त्या त्याची भोकं पाडलेली कार्डं तयार करत आणि ती कार्डं मशीनला भरवली जात. मी स्वतः कुठल्याही बटणाला हात लावत नव्हते. पण बाहेरून बघणाऱ्याला आत बसलेल्या बाया दिसत आणि खटखट ऐकू येई, त्यामुळे सगळ्यांच्या लेखी आम्ही टायपिंगवाल्या. जुन्या टायपिंगच्या खोलीत माझ्याबद्दल 'कानामागून आली अन् तिखट झाली' असं म्हणत. तिखट तर मी होतेच, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मुंबईच्या मुख्य ऑफिसातून हुकूम आला. सगळं कामकाज मराठीतून करायचं होतं, म्हणून प्रत्येकाच्या कामाचं मराठी नाव कळवायचं होतं, आणि त्या नावावरून नव्या जागा ठरणार होत्या. माझ्या नेमणुकीच्या कागदावर अजून 'टंकलेखिका'च होतं. साहेबांनी मला बोलावलं.

"बाई, सोमवारपर्यंत मला एक चांगला शब्द द्या," ते म्हणाले. "नाही तर तुमची जागा टंकलेखनात जाईल आणि तुमचं काम करायला मुंबईहून माणूस येईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"प्रोग्रामिंग लिहा ना, साहेब."

"मराठी पाहिजे."

मी बाहेर आले ती रागानं लाल होऊन. इतकी वर्षं ज्या कामानं माझं डोकं खाल्लं, ज्यात एक सूचना चुकली तर अख्खा दिवस मातीत जाई, ते काम एका शब्दाअभावी दुसऱ्याच्या ताटात जाणार होतं. मी ते जाऊ देणार नव्हते.

सरकारी शब्दकोशात प्रोग्रामला 'आज्ञावली' असा शब्द होता. म्हणजे मी 'आज्ञावली-लेखिका'. नाकापेक्षा मोती जड होता खरा, पण टंकलेखिकेपेक्षा बरा. तो घेऊन मी बडे बाबूंकडे गेले. बडे बाबू म्हणजे आमचे हेड क्लार्क. जुन्या सीपी-बेरार प्रांताच्या काळात नोकरीला लागलेले, इंग्रजी आणि मराठी दोन्हींवर सारखी हुकमत. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक मसुदा त्यांच्या टेबलावरून जाई आणि त्यांच्या लाल शाईनं न्हाऊन निघे. लाल शाईनं खोडलेलं पुन्हा लिहायची साहेबांचीही हिंमत नव्हती.

त्यांनी शब्द वाचला आणि चष्मा काढला.

"आज्ञा देण्याचा अधिकार साहेबांना आहे. तुम्ही तृतीय श्रेणीत. तुम्ही कोणाला आज्ञा देणार?"

"मशीनला."

"मशीन ऑफिसचं आहे, बाई."

हसावं की टेबलावर डोकं आपटावं, हे मला कळेना. मी म्हटलं, बरं, 'आज्ञा' काढून टाका, नुसतं 'लेखन' ठेवा. 'संगणक-लेखन'. लिहिते तर मी आहेच.

"लेखन चालेल," ते म्हणाले. "पण लेखन म्हटलं की मसुदा आला. मसुदा माझ्या टेबलावरून जाईल. नियम म्हणजे नियम."

आणि नियम त्यांनी त्याच दिवसापासून लागू केला. मी उन्हाळ्याच्या साठ्याचा नवा प्रोग्राम लिहून ठेवला होता, तो ते तपासायला घेऊन गेले.

संध्याकाळी घरी आल्यावर मी भांडी आपटत होते. बाबा अंगणात बाज टाकून बसले होते. माझे बाबा मिलमध्ये मागावर काम करत, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. गावाकडचे. छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला आले आणि परत गावी राहायला गेलेच नाहीत.

"काहून वं पोरी, भांड्याईवर काहून राग काढून राहिली?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. प्रोग्राम, पंचिंग यातलं त्यांना काही समजत नसे आणि समजल्याचा आवही ते आणत नसत. पण नाव कळवायचं आहे आणि नावावरून जागा ठरणार आहे, एवढं ऐकल्यावर ते बाजेवर ताठ बसले.

"गावात आमच्या कामाले आमी नाव नव्हतं ठेवलं," ते म्हणाले. "त्यायनं ठेवलं. अन् मग तेच आमचं नाव झालं. बापाचं तेच, पोराचं तेच. मी ते गावात टाकून आलो. तुह्या कामाचं नाव तूच ठेव. दुसऱ्याले ठेवू देऊ नको."

"अन् नाही सुचलं तर?"

"सुचते. नाही सुचलं तं सोमवारपर्यंत जेवू नको," असं म्हणून ते हसले. मी मात्र हसले नाही. त्यांचं वाक्य मला लागलं होतं. माझ्या लेखी तोवर हा नोकरीचा, बढतीचा प्रश्न होता. त्या संध्याकाळी तो आमच्या घराचा झाला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. माझा कागद बडे बाबूंकडून परत आला. भाषा उद्धट आहे, कुठेच 'कृपया' नाही, असा शेरा समासात होता, पण मशीनला उद्देशून असल्यामुळे तेवढं त्यांनी चालवून घेतलं होतं. खाली मात्र एक पूर्ण ओळ लाल शाईनं खोडली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'पुनरुक्ती'.

ती ओळ होती 'कार्ड वाच'. इंग्रजीतली सूचना, पण अर्थ तोच. ती माझ्या कागदावर दोनदा होती. प्रत्येक गोदामाचं एक कार्ड. सुरुवातीला पहिलं कार्ड वाचायचं, मग आलेली पोती मिळवायची, गेलेली वजा करायची, शिल्लक छापायची, आणि मग पुढचं कार्ड वाचून पुन्हा मिळवणीवर यायचं. ही दुसरी 'कार्ड वाच' बडे बाबूंनी उडवली होती. एकच वाक्य एका मसुद्यात दोनदा येऊच कसं शकतं?

पंचिंगच्या मुलींनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, हे असंच करायचं?"

मी त्यांच्या टेबलावर जाऊन भांडू शकले असते. ते जन्मभर मसुदे तपासत आले होते आणि मी जन्मभर त्यांना समजावत बसले असते. मी म्हटलं, "लाल शाई आहे ना? मग असंच करा." आणि साहेबांना व बडे बाबूंना नवा प्रोग्राम चालताना बघायला मशीनच्या खोलीत बोलावलं.

मे महिना होता. नागपूरच्या मे महिन्यात आमच्या ऑफिसात एअर कंडिशनर फक्त मशीनला होता, माणसांना वाळ्याच्या ताट्या. त्यामुळे बोलावलं दोघांना आणि आलं अर्धं ऑफिस. दाराशी चपलांचा ढीग लागला.

कार्डं भरली, मशीन सुरू झालं, छपाई सुरू झाली. पहिली ओळ, कळमना गोदाम, शिल्लक पोती. साहेबांनी मान डोलावली. दुसरी ओळ, कळमना. तिसरी, कळमना. पान संपलं, दुसरं पान आलं, त्यावरही वरपासून खालपर्यंत कळमना. कागद घड्या पडत पडत खाली उतरत होता.

"काटोल कुठे आहे? उमरेड?" साहेब म्हणाले.

"मशीन बिघडलं," बडे बाबू म्हणाले.

मशीन चालवणारा थांबवायला पुढे आला. मी म्हटलं, "चालू द्या." आणखी थोडा कळमना खाली पडू दिला. मग बंद करायला सांगितलं, लाल शाईनं खोडलेला माझा कागद घेतला, तीन गोदामांची कार्डं घेतली आणि टेबलावर बडे बाबूंसमोर ठेवली.

"मशीन बिघडलेलं नाही, बाबूजी. ते तुमचा मसुदा वाचतंय. तुम्ही मशीन व्हा. कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं. मनचं काही नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. बडे बाबू रागावून निघून जातील, असं मला वाटलं होतं. पण माणूस खरा. ते खुर्ची ओढून बसले. कळमन्याचं कार्ड उचललं, वाचलं, मिळवलं, वजा केलं, शिल्लक सांगितली. मग बोट खालच्या ओळीवर गेलं. तिथे लिहिलं होतं, पुन्हा मिळवणीवर जा. हातात कार्ड कळमन्याचंच. त्यांनी पुन्हा मिळवलं, वजा केलं, शिल्लक सांगितली. तिसऱ्यांदा त्यांचा हात काटोलच्या कार्डाकडे गेला.

"ते उचला असं कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, खोडलेल्या ओळीवर नीट नजर टाकली आणि पेन परत ठेवलं.

"समजलं," ते म्हणाले. "पण दुसऱ्यांदा वाचल्यावर बरोबर होतं का, ते पाहू द्या."

"मग पत्ते परत मांडा, पहिल्यापासून," मी म्हणाले.

त्यांनी कार्डं एकापुढे एक मांडली. या वेळी खोडलेली ओळ धरून चालले. कळमना झालं, काटोल झालं, उमरेड झालं, कार्डं संपली आणि ते थांबले. गणित सुटलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"बाई," ते म्हणाले, "याला लेखन म्हणू नका. लेखन म्हटलं की माझा हात लाल पेनाकडे जातो. हे वाचण्यासाठी लिहिलेलंच नाही. दुसरा शब्द काढा."

शब्द निघून गेलेला होता, माझ्याच तोंडून. पत्ते मांडा. आम्ही पत्ते मांडतो, पाट मांडतो, आपलं म्हणणं मांडतो. आणि शाळेत गणित मांडतो. उत्तर चुकलं तरी मांडणी बरोबर असली तर आमचे मास्तर अर्धे मार्क देत, आणि मांडणी नसताना उत्तर बरोबर आलं तर कान धरून विचारत की कोणाचं पाहिलंस. मी रोज करत होते ते हेच. उत्तर मशीनचं, मांडणी माझी.

"मांडणी," मी म्हणाले. "मी मशीनसाठी गणित मांडते."

साहेबांनी बडे बाबूंकडे पाहिलं. बडे बाबूंनी शब्द दोनदा पुटपुटून पाहिला, पुनरुक्तीची पर्वा न करता. "आज्ञा नाही, टंकन नाही, लेखन नाही," ते म्हणाले. "अडवण्यासारखं यात काही दिसत नाही."

सोमवारी मुंबईला जाणारा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला. 'सदर काम टंकलेखनाचे नसून संगणकासाठी गणिताची मांडणी करण्याचे आहे, आणि ते करणारी व्यक्ती बदलल्यास कार्यालयाचे नुकसान होईल,' असं त्यात होतं. मला तो दाखवायला आणला तेव्हा मी म्हटलं, यावर लाल शाई नाही? ते म्हणाले, "तपासून झालं आहे."

पावसाळा संपता संपता उत्तर आलं. माझी जागा टंकलेखनातून वेगळी झाली होती, मुंबईचा माणूस येणार नव्हता. आणि जागेचं नाव होतं, चक्क देवनागरीत, 'प्रोग्रामर'. मराठी पाहिजे म्हणून आमच्या मागे लागलेल्यांनीच इंग्रजी लिहून पाठवलं होतं. मला इतका संताप आला की जागा मिळाल्याचा आनंद व्हायला रात्र झाली. बडे बाबूंना माझ्याहून जास्त राग आला. ते निवृत्त होईपर्यंत हजेरीपटावर माझ्यापुढे 'मांडणी' असंच लिहीत राहिले.

उत्तर आलं त्या संध्याकाळी घरी पोहोचले तर अंगणात बाबांशेजारी आमच्या गावचा एक माणूस बसला होता. म्हातारा, गावाहून कामानिमित्त आलेला. त्यानं मला ओळखलं आणि बाबांना विचारलं, "पोरगी ऑफिसात असते म्हनते. टायपिंग करते का?"

"टायपिंग नाही," बाबा म्हणाले. "मशीनले गणित मांडून देते."

"असं काम असते? कोणं ठेवलं असं नाव?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून दारातच होते, हातात पिशवी, तोंडावर दिवसभराचा संताप. प्रोग्रामर हा शब्द मी त्यांना सांगितलाच नाही.

"तिनं," बाबा म्हणाले. "तिच्या कामाचं नाव तिनंच ठेवलं."